केसरची शेळी आणि बाईंचा प्रश्न

मंडळी, आज एकच प्रश्न घेऊन बसलोय. बक्षीस मिळतं ते नेमकं कशाला? वस्तूला, का वस्तू करणाऱ्याला? सोपं वाटतंय ना? थांबा! ऐका आधी, मग बघू किती सोपं आहे ते.

वाघोशी नावाचं गाव. गावात केसर जगदाळे, आठवीतली पोर. तालुक्याचं कृषी प्रदर्शन भरायचं होतं, त्यात मुलांचा वेगळा विभाग. नियम एकच — करडू मुलानं स्वतः वाढवलेलं पाहिजे! केसरनं वाढवलं. काळंभोर, कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून नाव टिकली. शाळेतून आली की दप्तर एकीकडं, पोर गोठ्यात! आई म्हणायची, "अगं, आम्हालाबी विचार कधी, जेवलात का म्हणून!"

बरं. प्रदर्शन आठवड्यावर आलं आणि कुणीतरी म्हणालं, वजनाला गुण असतात. झालं! केसरनं मक्याचा भरडा पाटी भरून पुढं ठेवला. शेळीच ती, तिला कुठं कळतंय 'पुरे' म्हणायचं? — आपल्याला तरी पंगतीत कुठं कळतं? हसू नका, तिसरी जिलबी कुणी घेतली ते मला दिसलंय!

दुपारी टिकलीचं पोट टम्म! ढोलासारखं! केसर रडत जनावरांच्या दवाखान्याकडं पळाली. डॉक्टर आले, औषध पाजलं आणि म्हणाले, "डावीकडं चोळत राहा." पोर चोळत बसली, हात भरून आले तरी उठली नाही. टिकली वाचली. पण काय राहिलं? हाडं नि कातडं.

आता प्रवेश झाला दगडूमामांचा! आईचा भाऊ, शेळ्यांचा व्यापारी, भाचीवर जीव. म्हणाले, "रडतीस कशाला?" आणि दुसऱ्या दिवशी टेम्पोतून शेळी उतरवली — काळीभोर, कपाळावर ठिपका, अंगानं दीडपट!

"मामा, ही टिकली नाही."

"तुला म्हाईत, मला म्हाईत. शेळी काय बोलतीय व्हय?"

वाईट माणूस होता का हो मामा? नाही! माया होती. पण माया आंधळी झाली की हात धरून खड्ड्याकडंच नेते, काय?

प्रदर्शनाचा मांडव. शेळीच्या गळ्यात बिल्ला, बिल्ल्यावर केसरचं नाव. परीक्षक होत्या जनावरांच्या डॉक्टर, लिगाडेबाई. शेळीच्या पाठीवरून हात फिरवला, दात बघितले, खूश! "हिला काय आवडतं गं?"

"शेवरीचा पाला," केसर बोलून गेली. टिकलीचं बोलली हो ती! पाला पुढं धरला, तर शेळीनं तोंड फिरवलं. पण बाई म्हणाल्या, "गर्दीला बुजली असेल."

बघा, सुटायला वाट आपोआप मिळाली! गप्प बसलं की पहिला नंबर. तुम्ही काय केलं असतं? खरं सांगा!

तेवढ्यात बाईंनी सहज विचारलं, "बरं, हिला वाढवताना तू काय शिकलीस?"

केसरनं त्या शेळीकडं बघितलं. हिच्याकडून? काहीच नाही! जे शिकली होती ते सगळं घरी गोठ्यात, अशक्त होऊन पडलं होतं.

"बाई, ही माझी नाही."

मागं उभ्या मामांना असा खोकला लागला म्हणता!

"मग तुझी कुठंय?"

"घरी. तिचं पोट फुगलं होतं. मीच भरडा जास्त घातला... वजनासाठी."

बाईंनी शेळीच्या गळ्यातला बिल्ला काढला. "नंबर देता येणार नाही, बाळ. नियम सगळ्यांना सारखा." केसरनं मान हलवली. डोळे भरले होते. पण बाई तिथून हलेनात! म्हणाल्या, "पोरांनो, इकडं या. गेल्या आठवड्यात कुणीकुणी दाणा वाढवला?"

आधी कुणीच नाही. मग एक हात. मग दुसरा. बघता बघता निम्मा मांडव! ज्याला पुढं पहिला नंबर मिळाला तो इरफान, त्याचासुद्धा हात वर! तोच पुढं सरकला, "मग वाचवली कशी गं?"

"पोट इथं फुगतं, डावीकडं," केसर मामांच्या शेळीवर हात ठेवून दाखवायला लागली. पोरांचा गराडा पडला. शेळी धरायला कोण? दगडूमामा! कान पकडून उभे, आणि हळूच वाकून विचारतायत, "डावीकडंच का गं?"

परत जाताना टेम्पोत मामा म्हणाले, "तुझ्यासाठीच केलं व्हतं, पोरी."

"म्हाईत हाय, मामा. पण लोकांनी विचारलं असतं, कशी वाढवलीस? मी काय सांगितलं असतं?"

घरी पोचल्यावर मामा आधी गोठ्यात गेले, टिकलीच्या डाव्या कुशीवर हात ठेवला आणि बराच वेळ बघत राहिले.

आता मंडळी, इकडं बघा! शाळेच्या प्रकल्पातला ज्वालामुखी रात्री जागून कोण बनवतं? बाप! निबंध कोण लिहितं? आई! आणि टाळ्या कुणाला? मान खाली घालू नका, मी नावं घेत नाही! पोराचं काम वाकडं होऊ द्या. बिघडू द्या. तुमचे हात तेवढे मागं बांधा. आणि लेकरू घरी आलं की 'कितवा नंबर?' विचारू नका. विचारा, 'काय शिकलास?' — आणि त्याचं उत्तर पुरं होईपर्यंत गप्प बसा. तेवढं जमलं तरी देवाला पोचलं!