घोडीचं शुद्ध गिऱ्हाईक

चाकणचे आमचे मास्तर म्हणजे शहाणपणाचा अर्क, राव. सासऱ्यांची घोडी विकायची म्हणून पेपरात जाहिरात दिली आणि आलेली कार्डं लाल शाईनं तपासत बसले. "वेलांटी चुकवणारा जनावर काय सांभाळणार?" म्हणत सगळे टांगेवाले नापास केले. पास झाला एकटा निगडीचा साहेब.

साहेब आले आणि घोडीच्या कपाळावरचा केसांचा भोवरा बघून मागं सरले. "हे लक्षण अशुभ आहे. मालकाच्या जिवावर बेततं," एवढं बोलून चालते झाले.

दुसऱ्या दिवशी गेलो, तर मास्तर तेल चोळून घोडीचा भोवरा चपटा बसवत होते. वर मलाच म्हणाले, "इतकं शुद्ध लिहिणारा माणूस खोटं कशाला बोलेल?"