रफीक म्हणजे मित्र

सन्माननीय अध्यक्ष श्री. चंद्रशेखर, ज्यांच्या क्लबच्या कृपेने हे सभागृह आपल्याला दरवर्षी गणपतीत मिळतं ते आजचे प्रमुख पाहुणे महाव्यवस्थापक साहेब, सत्कारमूर्ती वकारभाई, पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या पत्नी शमा, आपल्या मराठी मंडळाचे पदाधिकारी, आणि बहारीनभरातून, मनामा, हिद्द, जिदहफ्सहून शुक्रवारची झोप मोडून आलेल्या बंधू-भगिनींनो, सर्वांना नमस्कार आणि आदाब.

विनीतने माझी ओळख 'मंडळाच्या सांस्कृतिक सचिव हेमाताई' अशी करून दिली. ती अर्धी झाली. उरलेली अर्धी मीच सांगते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. मी अध्यक्षांची बायको आहे. नव्या मंडळींना हे ठाऊक नसेल, कारण मंडळाच्या कार्यक्रमात आम्ही दोघं वेगवेगळ्या टोकांना बसतो. घरातलं घरात बोलावं हा आमचा शिरस्ता. पण महिनाभर घरात बोलून पाहिलं, काही उपयोग झाला नाही. म्हणून आज इथे.

मला विषय दिलाय 'खिलाडूवृत्ती'. वेळ पाच मिनिटं. विनीत, तू घड्याळ दाखवशील, मी पाहिल्यासारखं करीन आणि पुढे बोलत राहीन. आपलं हे नेहमीचंच आहे.

आणखी एक विनंती. पाहुण्यांना मराठी येत नाही. शेजारी बसलेल्या अध्यक्षांनी त्यांच्या कानात भाषांतर करण्याची तसदी घेऊ नये. त्यांची भाषांतरं किती मऊ असतात, याचा अनुभव वकारभाईंनी घेतलाच आहे.

तर वकारभाई. दापोली तालुक्यातल्या हर्णैचा हा माणूस. हिद्दला बंदराजवळच्या एका गोदामात क्लार्क म्हणून आला. गोदामामागच्या मोकळ्या जागेत शुक्रवारी जाळं बांधून कोकणातली मुलं व्हॉलीबॉल खेळायची, त्यात हाही. तिथून त्याला व्यावसायिक लीगमधल्या, आजच्या पाहुण्यांच्याच क्लबने उचललं. सेटर म्हणून. सेटर म्हणजे काय, हे मला शमाने शिकवलं. टाळ्या स्मॅश मारणाऱ्याला मिळतात, पण चेंडू कुणाच्या हातात, किती उंच आणि कधी द्यायचा, हे सेटर ठरवतो. म्हणजे कोर्टावर विचार करायचं काम त्याचं. हे लक्षात ठेवा.

करार झाला तेव्हा याच सभागृहात आपण त्याला शाल-श्रीफळ दिलं. 'आपला वकार, आपला वकार' म्हणून किती जणांनी फोटो काढून घेतले! अध्यक्षांनी तर त्याच्या जर्सीवर सही घेऊन ती बँकेतल्या केबिनमध्ये लावली. गेल्या महिन्यात ती उतरवली. भिंतीला रंग द्यायचा होता म्हणे. रंग अजून दिलेला नाही.

आता खिलाडूवृत्तीकडे वळते.

उपांत्य सामना होता, टीव्हीवर थेट प्रक्षेपण. टाइमआउटमध्ये प्रशिक्षकांच्या तोंडाजवळ माईक असतो, हे तुम्हाला माहीत आहे. प्रशिक्षक महाशय युरोपातून नुकतेच आणलेले. वकारभाई त्यांना म्हणाले, "समोरचा ब्लॉक डावीकडे सरकतोय, मी मधून खेळवू का?" यावर महाशयांनी काय उत्तर दिलं? "रफीक, तू पाण्याच्या बाटल्या गोळा कर. विचार मी करतो." एवढ्यावर थांबले नाहीत. आपण होकार देताना मान डोलावतो ना, तशी त्यांनी मान डोलावून दाखवली. डोळे मोठे करून, आपल्या इंग्रजीची नक्कल करत, "यस सर, यस सर." बाकावरचे काही जण हसले. ते हसणंही प्रक्षेपित झालं.

महाशयांना इथे येऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते. आभार मानायचं शुक्रन म्हणायला शिकले नव्हते. रफीक म्हणायला शिकले होते.

पाहा, पाहुण्यांनी मान वर केली. माझ्या भाषणातला तेवढाच शब्द त्यांना कळतो.

इथे वाढलेल्यांना हा शब्द समजावून सांगायची गरज नाही, पण कॅमेरा चालू आहे आणि पुण्या-रत्नागिरीची मंडळीही हे पाहतील, म्हणून सांगते. रफीक म्हणजे अरबीत सोबती, मित्र. चांगला शब्द आहे. पण या शहरात तो कुणाला लावतात? कोल्ड स्टोअरसमोर, म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानासमोर, लोक गाडी उभी करतात, एसी सोडून खाली उतरत नाहीत, हॉर्न वाजवतात. आतून आपला कुणीतरी मल्याळी, बंगाली, कोकणी माणूस धावत बाहेर येतो. त्याला काचेतून हाक मारायची, 'रफीक!' नाव विचारायची गरज नाही. ज्याचं नाव विचारायची गरज वाटत नाही तो रफीक. सगळेच असं करतात असं मी म्हणत नाही. वकारभाईंच्या संघाचा कर्णधार इथलाच आहे, आणि त्या रात्री घरी येऊन माफी मागणारा तो एकटाच होता.

भूगोलाच्या पुस्तकात बहारीन आशियात आहे. पण इथे कुणी 'एशियन' म्हटलं, की सगळे आपल्याकडे पाहतात. जिंकलो तर क्लबचे, हरलो तर एशियन. असो.

प्रक्षेपणानंतर व्हिडिओ सगळीकडे फिरला. पुढच्या सामन्यात वकारभाई सर्व्हिसला उभे राहिले आणि स्टँडमधून हॉर्न वाजले. काही पोरं गाडीचे हॉर्न बॅटरीला जोडून घेऊन आली होती. पीं पीं, रफीक! पीं पीं, रफीक! प्रत्येक सर्व्हिसला. पंच पाहत होते, लीगचे अधिकारी पाहत होते. क्लबच्या बॉक्समध्ये बसलेली माणसंही पाहत होती. कुणी सामना थांबवला नाही.

मी शमाच्या शेजारी बसले होते. तिच्या मांडीवर त्यांची मुलगी आतिका. पहिलीत आहे, मराठी कळते, बोलते इंग्रजी. तिने आईला तिच्या इंग्रजीत विचारलं, "मम्मा, अब्बा गाडीकडे का जात नाहीत?"

हॉर्न वाजला आणि रफीक म्हटलं, की माणसाने गाडीकडे धावायचं असतं, एवढं त्या पोरीला या शहराने शिकवलंय. शमाने तिला जवळ ओढलं. मला मात्र इतका संताप आला, की मी हातातला चहाचा कागदी कप चुरगाळून टाकला. त्यात चहा होता.

मी वकारभाईंना नंतर म्हटलं, तक्रार करा. ते म्हणाले, "ताई, ह्यो शब्द मना नवीन नाय. बसमधी ऐकलाय, सूकच्या बाजारात ऐकलाय. पन कोर्टावर कोन बोलला नव्हता. कोर्टावर मी वकार होतो."

त्यांनी तक्रार केली. क्लबने चौकशी समिती नेमली. आणि समितीला प्रश्न पडला, की या शब्दाने भारतीय माणसाचा अपमान होतो का? हे कुणाला विचारायचं? अर्थातच भारतीयांच्या एखाद्या प्रतिष्ठित प्रतिनिधीला. टाय लावणाऱ्या. तेव्हा आपल्या मंडळाकडे पत्र आलं आणि आपले अध्यक्ष गेले.

अध्यक्षांनी समितीला काय सांगितलं, ते त्यांनीच मला घरी अभिमानाने सांगितलं. ते म्हणाले, रफीक म्हणजे मित्र. आमच्या कोकणात तर लोक प्रेमाने मुलांची नावं रफीक ठेवतात. यात अपमान कसला?

खरं आहे की नाही? शंभर टक्के खरं. या सभागृहातच किमान चार रफीक बसले असतील. मी म्हटलं, "अहो, पण प्रशिक्षकाला काय म्हणायचं होतं ते तुम्हाला कळलं नाही?" तर म्हणाले, "मी खोटं काय बोललो? डिक्शनरी काढून बघ." म्हटलं, डिक्शनरी बघून कुणी कुणाचा अपमान करत नाही. तर म्हणाले, "आपण परक्या देशात आहोत हेमा, वाढवायचं नसतं." आणि बातम्या लावल्या.

समितीने निकाल दिला, सांस्कृतिक गैरसमज. मंडळाच्या अध्यक्षांची साक्ष त्यात आदराने उद्धृत केली. प्रशिक्षकांना समज दिली आणि पुढच्या मोसमाचा करारही दिला. वकारभाईंचा करार 'तांत्रिक कारणांमुळे' वाढवला नाही. करार गेला की व्हिसा गेला, व्हिसा गेला की घर गेलं, आतिकाची शाळा गेली. खलास. जो बोलला तो जाणार, आणि ज्याने बोलायला लावलं तो राहणार.

विनीत, दिसलं मला घड्याळ.

आता मला एक खासगी आठवण सांगायची आहे. अध्यक्षांची परवानगी मी घेतलेली नाही.

आम्ही जिदहफ्सला राहत होतो तेव्हाची गोष्ट. शुक्रवारी सकाळी हे खाली गाडी धुवायला उतरले. जुना टी-शर्ट, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, हातात बादली. शेजारी एक मोठी गाडी येऊन थांबली. आतल्या गृहस्थांनी काच खाली केली, ह्यांच्याकडे किल्ली फेकली आणि म्हणाले, "रफीक, हिच्यानंतर ही पण." किल्ली बादलीत पडली.

हे बादली तिथेच टाकून वर आले. "मला? मला रफीक म्हणाला! मी व्हाइस प्रेसिडेंट आहे बँकेत!" दुपारी जेवले नाहीत. अळूवड्या केल्या होत्या, त्यांना हात लावला नाही. रात्री अंथरुणात उठून बसले आणि म्हणाले, "मला समजतो काय तो?" मला तेव्हा त्यांची फार दया आली होती. मी पाठीवरून हात फिरवत राहिले.

त्या दिवशी त्यांनी डिक्शनरी काढली नव्हती. कोकणात मुलांची नावं काय ठेवतात, हे त्यांना आठवलं नव्हतं. आपल्याला लागला तेव्हा तो शब्द शिवी होता. वकारभाईंना लागला तेव्हा तो मित्र झाला.

त्या शुक्रवारनंतर आम्ही गाडी धुवायला माणूस ठेवला. गॅलरीतून अध्यक्ष त्याला काय हाक मारतात, ते तुम्ही ओळखलंच असेल. हसू नका. तुमच्याही घरांना गॅलऱ्या आहेत.

आता आजच्या समारंभाबद्दल. निमंत्रण पत्रिकेत लिहिलंय, वकारभाई कौटुंबिक कारणासाठी मायदेशी परतत आहेत. कुठलं कौटुंबिक कारण? वकारभाईंनी लीगच्या शिस्तपालन समितीकडे अपील केलंय. सुनावणी परवा, रविवारी सकाळी आहे. आणि क्लबने त्यांना प्रेमाची भेट म्हणून विमानाचं तिकीट दिलंय. तिकीट कधीचं? उद्याचं. अपील करणारा हजर नसला की अपील निकालात निघतं, हे लीगच्या नियमात आहे. म्हणून आज एवढ्या घाईने फुलं, शाल, गटफोटो. बंधू-भगिनींनो, आपण निरोप देत नाही आहोत. आपण माणूस विमानात चढवून देत आहोत.

तिकिटाचं मी शमाला विचारलं. ती म्हणाली, "ताई, आम्ही थांबतो. पण आमची बाजू घेऊन बोलणार कोण? तुमचे साहेब तर बोलून बसले."

म्हणून माझी अध्यक्षांना जाहीर विनंती आहे. साक्ष बदला असं मी म्हणत नाही. ती अगदी खरी करून दाखवा. तुमच्या उजव्या हाताला महाव्यवस्थापक साहेब बसले आहेत. आपल्या मंडळाचे जुने मित्र. मित्राला मित्र म्हणण्यात अपमान कसला? तुम्ही उठून उभे राहा, त्यांच्या डोळ्यांत पाहा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं एकदा त्यांना म्हणा, रफीक.

म्हणा ना.

विनीत, त्यांच्यापुढे माईक सरकव.

मी थांबते. कितीही वेळ लागू दे.

उठताय का? नाही, पाण्याचा ग्लास घेतला.

ठीक आहे. बसा. एवढा वेळ या सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही, म्हणजे शब्दाचा अर्थ सगळ्यांनाच माहीत आहे. अध्यक्ष महोदय, रविवारी सकाळी समितीपुढे जा आणि एवढंच सांगा, की मला म्हणता आलं नाही. डिक्शनरी नेऊ नका. गाडी मी चालवीन.

आता आभार. सभागृहाबद्दल क्लबचे आभार. पुढच्या गणपतीला हे सभागृह मिळणार नाही, तेव्हा आताच मानून घेते. पाच मिनिटांची पंधरा करू दिली म्हणून विनीतचे आभार. शाल आणि फुलं परत नेऊन ठेवायला जे स्वयंसेवक मदत करतील त्यांचे आगाऊ आभार. बोलताना माझा तोल कुठे गेला असेल, अध्यक्षपदाचा मान राखायला मी कमी पडले असेन, तर सभागृहाने मोठ्या मनाने क्षमा करावी.

वकारभाई, शमा, तुम्ही मात्र आम्हाला इतक्यात क्षमा करू नका.