बॉयलरमधलं जास्तीचं पाणी

तुमच्याकडेही घर गरम करायचा बॉयलर असेल, तर हे ऐकून ठेवा. इथे परदेशात, वेरिबीला मुलाच्या घरी त्यातलं पाण्याचं प्रेशर रोज वाढायचं आणि बॉयलर बंद पडायचा. मुलगा पाणी सोडून काटा खाली आणायचा, दुसऱ्या दिवशी काटा पुन्हा वर. नात थंडीने खोकायला लागली, तेव्हा सूनबाई वैतागली. "अरे, नवाच घे ना आता!"

प्लंबर आला. त्याने सगळं तपासलं आणि विचारलं, खालचा पाणी भरायचा नळ कोणी उघडतं का?

मी म्हणालो, "मी उघडतो. रोज माझी अंघोळ झाली की, थोडासा."

मुलगा उडालाच. "बाबा! ते अंघोळीचं पाणी नाहीच. ते पाइपात आतल्या आत फिरतं. भरायला कोणी सांगितलं तुम्हाला?"

"तुझ्या आईने. गावाला बंबातून घेतलं तेवढं परत घाला, मागच्याला पुरलं पाहिजे, असं रोज ओरडायची. विसरलास?"

मुलाने वाकून तो नळ घट्ट बंद केला. तिला जाऊन सहा वर्षं झाली.

सूनबाईने मग बाथरूमबाहेर कढीपत्त्याची कुंडी आणून ठेवली. "बाबा, अंघोळ झाली की यात घाला तांब्याभर."

चार दिवसांत कुंडी खालून वाहायला लागली. सूनबाई माझ्याकडे बघायला लागली.

मी म्हणालो, "अगं, मी तांब्याभरच घालतो."

मुलगा टॉवेलने डोकं पुसत उभा होता. हळूच म्हणाला, "मीपण."