भिंतीवरचा कॅमेरूनवाला

जन्म माहा मुक्ताईनगरकडचा, केळीवाल्याच्या घरचा, पन वाढली मी वरणगावले फॅक्टरीच्या क्वार्टरात, माहे वडील, नाना, तिथं कामाले व्हते. रंग हा असा, तुम्ही पाहतच हायेत, काय लपवू. आजी म्हने तव्याचं बूड, शेजारीन म्हने उजेडात उभी राह्य म्हनजे दिसशीन, आन मी पन हसे त्यांच्यासंगं, रडून का रंग जातो?

नानाले फुटबॉलचं येड, फॅक्टरीतल्या बंगाली लोकांत राहून लागेल. नव्वद साली इटलीत वर्ल्ड कप झाला, टीव्ही आमच्या घरी नवाच व्हता, तिथं मी कॅमेरूनचा एक खेळाडू पाह्यला. काय सांगू तुम्हाले, अडतीस वर्षांचा बाप्या, खेळ सोडून बसेल व्हता, त्याले परत बोलावून आनलं, आन तेही अर्धा सामना झाल्यावर उतरवत, आन उतरला की गोल मारे, मारला की कोपऱ्यातल्या झेंड्यापाशी जाऊन कंबर हालवत नाचे. एकदा तं समोरचा गोलकीपर मिजाशीत चेंडू घेऊन पार पुढं आला, यानं त्याच्या पायातून हिसकला आन मोकळ्या गोलात मारला. आफ्रिकेची टीम इतकी पुढं पहिल्यांदाच गेली, असं नाना म्हने. मी खेळ कुठं पाहत व्हती, मी त्याचं तोंड पाहत व्हती. माह्यासारखं काळं, आन हसे कसा, बठ्ठ्या जगासमोर, जसं का मैदान याच्या बापाचं. पेपरात त्याचा फोटो आला, नानानं काचेत बसवून आनला आन बैठकीत देवाशेजारी लावला.

मंग मले पाहाले जामनेरचे लोक आले. पोरगा मास्तर, गोरा, मायले लई आवडेल. सकाळपासून मायची गडबड, म्हने तो फोटो काढ आधी, त्याच्याकडं पाहून तुह्याकडं पाह्यलं तं काय म्हनतीन, घरात बसून राहशीन जन्मभर. मी म्हटलं, फोटो निघनार नही. मंग तिनं माह्या तोंडाले पावडर थापली, ती मी थापू देल्ली. पन पोहे घेऊन निघाली तं पोराच्या आत्याचं बोलनं कानावर पडलं, रुमाल वला करून ठेवा, गाल पुसून पाहू, मांगच्या ठिकानी पावडरीनं फसवलं. मी तशीच मांगं फिरली, मोरीत तोंड धुतलं आन वल्या तोंडानं पोहे समोर ठेवले. म्हटलं, घ्या पुसून आत्या, काही निघनार नही.

आत्या भिंतीकडं पाहून म्हने हा कोन. मी बसून बठ्ठं सांगितलं, म्हातारा झाला म्हनून लोकांनी सोडून देल्ला व्हता, परत आला, गोल केले, नाचला. आत्या म्हने, आम्हाले सून पाह्यजे, नाचनारी नही. तं नाना म्हने, पोहे खाऊन घ्या ताई, माही पोरगी कोनाच्या रुमालानं गाल पुसून घेनार नही.

लोक निघून गेले. माय कितीक दिवस बोलली नही माह्यासंगं, मावश्या म्हने रूप नही आन नखरे पाहा. म्हनू द्या.

आता धुळ्याले राहते. नवरा एसटीत मेकॅनिक, साधा मानूस, तो पाहाले आला तेव्हाही मी पावडर लावली नही, आन त्यानं काही विचारलं नही. मुलगी झाली, माह्याच रंगाची. सासू साय-हळद कालवून बसली, म्हने रोज चोळ व, पोर काळी शे. वाटी तिच्या हातात परत देल्ली. वाईट नही ती, नातीवर जीव टाकते, पन या गोष्टीत मी कोनाचं ऐकत नही. पोरगी आता शाळेत जाते, कोनी चिडवलं तं मारून येते, ते मात्र मले पटत नही. देव तिले आयुष्य देवो. मी तिले सांगून ठेवलं, हात उचलू नको बाई, कोनी विचारलं हा रंग कोनाचा, तं मान वर करून सांग, माह्या मायचा.