चकचकीत बाजू खाली

सुधीरकाका, केतकी आणि जमलेल्या सगळ्यांनो,

याच हॉलमध्ये आपण दर वर्षी गणपती बसवतो. इथे माझ्या हातात माईक आला की मी अंताक्षरी सुरू करते, हे तुम्हाला ठाऊक आहे. आज तोच माईक धरवत नाहीये. मध्येच मला रडू येईल. आलं तर मी थांबेन, पाणी पिईन आणि पुन्हा बोलेन. कारण विजूकाकूंना अर्धवट सोडलेलं काम चालायचं नाही. अर्धी रंगवलेली भिंत टाकून त्यांनी कधी कुणाला चहासुद्धा घेऊ दिला नाही.

झिंडेलफिंगेनमध्ये आपल्यापैकी कोणाकोणाच्या घरी काकू ते करडं कापड घेऊन आल्या होत्या? हात वर करू नका. मला दिसतंय. जवळजवळ सगळेच.

आपलं कसं असतं? नवं भाड्याचं घर मिळालं की उत्साहात एक भिंत केशरी, एक पिस्ता. आणि घर सोडायची वेळ आली की आठवतं, अरे, या जर्मनीत भिंती पांढऱ्या करून परत द्यायच्या असतात! मग शनिवारी सगळी मंडळी गोळा. काका शिडीवर, छताला रोलर मारणार. कोणीतरी मसालेभात आणणार. आणि सगळ्यांच्या आधी काकू. त्या रंगाला हातच लावायच्या नाहीत. त्या जमीन झाकायच्या. जमीन झाकून झाल्याशिवाय रंगाचा डबा उघडला तर दारातूनच आवाज यायचा, "ठेव तो खाली!"

त्याआधी आपण काय काय केलंय, आठवतं ना? आईच्या जुन्या सुती साड्या अंथरल्या. नऊवार आहे, अख्खा हॉल झाकेल म्हणे! झाकला की. आणि रंग साडीतून आरपार जमिनीवर. मग कोणीतरी फराळाच्या पार्सलमधले मराठी पेपर अंथरले. नाव घेत नाही, ते समोर बसलेत आणि आत्ता हसतायत. ओल्या पेपरची शाई फरशीवर उतरली, आणि घरमालकाच्या जमिनीवर उलट्या अक्षरांत 'वधू पाहिजे'. तो बिचारा विचारत होता, हे काय लिहिलंय? काय सांगणार त्याला!

काकूंनी हे सगळं पाहिलं आणि कापडाचा विषय आपल्या हातात घेतला.

आता माझी गोष्ट सांगते. युरो येऊन नुकतंच वर्ष झालं होतं. माझं लग्न मोडलं होतं. नवरा दुसऱ्या गावी निघून गेला होता. माझ्याकडे येणारे फोन कमी झाले. मी कोणाला दोष देत नाही. अशा वेळी काय बोलावं ते माणसाला सुचत नाही. बाबा रोज म्हणायचे, परत ये. मला मात्र राहायचं होतं. लॅबमध्ये नोकरी मिळाली होती, आणि माळ्यावरची एक खोली मिळायची होती. पण तो नवा घरमालक खोली देण्याआधी माझ्या जुन्या घरमालकिणीला फोन करणार होता. आणि ही बाई कशी, तर आपल्या पार्केटवर स्वतःसुद्धा फक्त सॉक्स घालून चालणारी. भिंती पांढऱ्या करताना त्या लाकडी जमिनीवर एक डाग पडला असता, तर तिने फोनवर काय सांगितलं असतं? मी सगळं सोडून परत जायच्या बेतात होते.

काकू आल्या. चौकशी नाही, उपदेश नाही. म्हणाल्या, "चल, बाउमार्क्टला जायचंय. कापड घ्यायचंय."

मी म्हटलं, "काकू, तुम्हीच आणा कुठलंही. मला काही फरक पडत नाही."

"तुला पडत नसेल. पार्केटला पडतो. बस गाडीत."

त्या रंग-हत्यारांच्या दुकानात काकूंनी काय केलं माहितीये? रोल उलगडून जमिनीवर पसरला, बूट काढले आणि त्यावरून चालून बघितलं. प्लॅस्टिकवर चालल्या, पाय सरकला. म्हणाल्या, "हे सोफ्यावर टाकायला ठीक. जमिनीवर नको. रंग यावर वाळत नाही, तळव्याला लागतो आणि घरभर फिरतो." मग ते जाड करडं कापड, मालरफ्लीस. वरून लोकरीसारखं, खालून प्लॅस्टिकचा पातळ थर. दुकानातल्या माणसाला म्हणाल्या, "डार्फ इष?", म्हणजे बघू का, आणि तो हो म्हणायच्या आत पर्समधल्या बाटलीतलं पाणी ओतलं त्यावर! खाली रुमाल धरला होता. रुमाल कोरडा. तो माणूस बघतच राहिला.

मग माझ्याकडे वळल्या. "सांग आता. काय घ्यायचं?"

मंडळी, कित्येक आठवड्यांत मला कोणी हे विचारलं नव्हतं. सगळे मला सांगत होते. हे कर, ते नको, इकडे ये, तिकडे जाऊ नको. तुझं काय म्हणणं आहे, हे विचारणाऱ्या काकू एकट्याच. मी त्या करड्या रोलवर हात ठेवला. म्हटलं, हे. "गेनाऊ, अगदी बरोबर," म्हणाल्या आणि रोल खांद्यावर टाकला.

घरी येऊन मी तो अंथरला, तोही उलटा. चकचकीत बाजू वर. काकूंनी एका झटक्यात पलटवला. "चकचकीत बाजू खाली गं. मऊ बाजू वर. सांडेल ते वरच्या वर पिऊन घ्यायचं, खाली जाऊ द्यायचं नाही."

शनिवारी तुम्ही सगळे आलात. अवघडत का होईना, आलात. काकूंनीच फोन केले होते, हे मला खूप नंतर कळलं. आणि त्या गडबडीत माझाच पाय लागून रंगाची बादली लवंडली. खोलीच्या मधोमध पांढरं तळं. मी थिजून उभी राहिले. वाटलं, संपलं. ही नोकरी, ती खोली, सगळं.

काकूंनी फडक्याने रंग टिपला. मग शांतपणे कापडाचं टोक उचललं आणि माझा हात धरून जमिनीवर टेकवला.

"बघ. कोरडी आहे."

तेव्हा मला रडू फुटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. सगळ्यांसमोर, मोठमोठ्याने. आणि काकू काय म्हणाल्या असतील? "रड आता. खाली कापड आहे."

मला ती खोली मिळाली. मी इथे राहिले. आज या हॉलमध्ये मी उभी आहे ती काकूंमुळे. काकू, तुमचे आभार मानायचे राहून गेले असं मी म्हणणार नाही. मी मानले होते, अनेकदा. तुम्ही दर वेळी "आल्झो, तर मग मसालेभात कोण आणतंय?" म्हणून विषय बदललात. आज तुम्हाला बदलता येणार नाही. म्हणून पुन्हा म्हणते. काकू, मी तुमची फार ऋणी आहे.

एकच गोष्ट राहिली. परवा सुधीरकाकांचा फोन आला. काका आता केतकीकडे, हेर्त्सोगेनआउराखला राहायला जाणार आहेत. इथलं घर परत द्यायचंय. भिंती पांढऱ्या करायच्यात. काका म्हणाले, "मंजिरी, एक विचारू? ते कापड कसं घालायचं गं? मी शिडी घेऊन यायचो तेव्हा खाली सगळं तयारच असायचं. मी आयुष्यभर वर बघत राहिलो. चकचकीत बाजू वर असते की खाली?" मी "भेटल्यावर सांगते" म्हणाले आणि फोन ठेवला.

काका, आज सांगते. चकचकीत बाजू खाली. पण ते तुम्हाला लक्षात ठेवायची गरज नाही. शनिवारी आम्ही सगळे येतोय. तळघरातून कापड मी काढीन आणि मीच अंथरीन. तुम्ही फक्त शिडी आणा.

केतकी सांगत होती, बाबा अजून रडलेले नाहीत.

आता आपण सगळे उभे राहून थोडा वेळ शांत राहू या. विजूकाकू, तुम्हाला आम्हा सगळ्यांचा नमस्कार. काका, तुम्ही मात्र बसून राहा. आणि रडू आलं तर रडा. खाली कापड आहे.