मिल धुतली आणि कर्ज अडलं

तुम्ही म्हणता, बँकेची माणसं नुसते कागद बघतात. मी एक वेगळी बाई पाहिली.

लातूरच्या आमच्या दालमिलीला धूळ ओढणारी यंत्रं घ्यायची होती. त्यासाठी बँक हरित कर्ज, म्हणजे प्रदूषण कमी करायला मिळणारं कमी व्याजाचं कर्ज, देणार होती. माझी बायको तिथंच तूरडाळ निवडते. धुळीनं तिचा खोकला हटत नव्हता, म्हणून माझा सगळा जीव त्या कर्जात. बँकेच्या मॅडम पाहणीला येणार म्हटल्यावर शेठनी मिल बंद ठेवून धुऊन घेतली. पाहुणा येणार म्हणजे झाडलोट आलीच.

मॅडम फिरल्या अन् म्हणाल्या, "इथं तर धूळच नाही. मग कर्ज कशाला?"

बायको म्हणाली, "मॅडम, मिल चालू होऊ द्या, मग बघा."

मिल सुरू झाली. मॅडमनी नाकाला लावायला रुमाल काढला, निवडणाऱ्या बायांकडं बघितलं अन् परत ठेवला. त्यांच्यातच बसल्या. उठल्या तेव्हा डोक्यापासून पायापर्यंत पिवळ्या झाल्या होत्या.

"पटलं," एवढंच म्हणाल्या.

यंत्रं आली. आता बायको घरी येते तेव्हा डोक्यावर धूळ नसते. परवा मी म्हटलं, "केस लई पांढरे झाले की गं."

"कवाचेच झालेत," ती म्हणाली. "तुमाला आज दिसले."