कागदावरची कन्याकुमारी

बद्रीनाथ : पुन्हा सांग. कन्याकुमारीला समुद्र किती?

सरूबाई : तीन. आवं, पन तीन समुद्र एका जागी आले, तर कुठला कुठं सरला हे कळतं कसं?

बद्रीनाथ : रंगावरून. तू फक्त म्हण, तीन रंगांचं पाणी बघितलं, लई भारी वाटलं.

सरूबाई : म्हनते. मंग?

बद्रीनाथ : मग मुन्नार. डोंगर, थंडी, चहाचे मळे.

सरूबाई : चहाचं झाड केवढं असतं?

बद्रीनाथ : आंब्याएवढं... नाही, थांब. कॅलेंडरात बायका उभ्यानं खुडतात. म्हणजे कमरेएवढं असावं.

सरूबाई : साहेबाला बी ‘असावं’च सांगू का?

बद्रीनाथ : सरू, मस्करी नको! साडेतीन वाजलेत, चारला तो चौकशीवाला दारात उभा राहील. काल आमच्या ऑफिसातल्या धोंडगेच्या घरी गेला होता. धोंडगेला बाहेर ओट्यावर बसवलं आणि बायकोला आत एकटीला विचारलं. ती म्हणाली, उटीला लई ऊन होतं, अंगाची लाही झाली. आज धोंडगे सस्पेंड.

सरूबाई : तिला बिचारीला काय ठावं! सरकार म्हनतं, बायकोला घेऊन देश बघा, भाडं आम्ही देतो. आन तुमी समद्या ऑफिसनं भाडं घेतलं, बायका ठेवल्या घरी.

बद्रीनाथ : एकट्यानं नाही म्हटलं असतं तर सगळ्यांच्या डोळ्यावर आलो असतो. क्रांती चौकात एजंट भेटला, तिकिटं, लॉजच्या पावत्या, सगळं बसल्या जागी. आणि डोक्यावरचा हा स्लॅब कोणत्या पैशातनं पडला? तेव्हा तर खुश होतीस.

सरूबाई : मला काय ठावं कशातनं पडला! चौदा वर्सं झाली लग्नाला. हळद निघाली नव्हती तवा म्हनले होते, सरू, तुला समुद्र दाखवतो. माहेर सोडलं तर मी अजून वेरूळच्या पुढं गेले नाय.

बद्रीनाथ : दाखवीन गं. नोकरी राहिली तर दाखवीन. पोलीस केस झाली तर काय दाखवू?

सरूबाई : त्याची फिकर करू नका. हर्सूलचा जेल घरापासून धा मिनिटावर. गरम डबा आणून देईन.

बद्रीनाथ : तोंड सांभाळ. अजून निम्मं विचारायचं राहिलंय.

सरूबाई : बरं बरं, इचारा.

बद्रीनाथ : अलेप्पीला काय बघितलं?

सरूबाई : पान्यावरची घरं. नावंतच चूल, नावंतच निजायचं. हे मला आवडलं बघा. निजल्यावर खालून पानी लागत आसंल पाठीला, न्हाई? मंजी भिजवत नाय, नुसतं हालत आसंल.

बद्रीनाथ : हां, हे छान. हे असंच सांग. आणि खाल्लं काय?

सरूबाई : इडली.

बद्रीनाथ : शाब्बास. आता तारखा. यात बिलकुल चूक नको. निघालो अकरा मेला, परत आलो पंचवीसला.

सरूबाई : कोणत्या साली?

बद्रीनाथ : अगं, गेल्याच मे महिन्यात. अकरा ते पंचवीस. पाठ कर.

सरूबाई : गेल्या मे महिन्यात मी फर्दापूरला होते. माहेरी.

बद्रीनाथ : माहितेय. पण तसं म्हणायचं नाही.

सरूबाई : आण्णांचं दुखणं काढायला गेले होते. एकोणीसला आण्णा गेले.

बद्रीनाथ : सरू, पावणेचार झाले.

सरूबाई : तुमी तवा नांदेडला होते ना? दौऱ्यावर. मला सांगितलं, निरोपच पोचला नाय. आण्णांच्या धाव्याला आले आन माझ्यापुढं ढसाढसा रडले.

बद्रीनाथ : रात्री बोलू आपण यावर.

सरूबाई : कागदावर केरळ, मंजी ऑफिसात रजा टाकली आसंल. रजेवरचा मानूस दौऱ्यावर कसा जाईल? नांदेड कुठनं आलं ह्यात?

बद्रीनाथ : नांदेड नव्हतं.

सरूबाई : मंग होते कुठं?

बद्रीनाथ : इथंच.

सरूबाई : इथं कुठं? माझा भाऊ, बन्सी, मोटरसायकलवर आला होता तुमाला सांगायला. भर उन्हात, शंभर किलोमीटर. दाराला कुलूप होतं म्हनला.

बद्रीनाथ : ते मीच लावलं होतं. पुढनं कुलूप, आणि मागच्या दारानं मी आत. केरळला गेलेला माणूस गल्लीत दिसला तर कसं चालेल? एजंटानं बजावलं होतं, पंधरा दिवस तोंड दाखवू नका.

सरूबाई : बन्सी दार ठोकत होता, तवा तुमी आत.

बद्रीनाथ : होतो.

सरूबाई : तुमाला ऐकू आलं, आण्णा गेले ते?

बद्रीनाथ : शेजारच्या द्वारकाबाईला सांगत होता तो. सगळं ऐकलं. उठलो होतो गं, मागच्या दाराच्या कडीला हात घातला होता. पण फर्दापूरला ऑफिसची जीप कायम, कुणी ना कुणी पाहुण्यांना तिथली लेणी दाखवायला आणतंच. एकानं जरी बघितलं असतं तर ऑफिसातल्या बारा जणांच्या नोकऱ्या गेल्या असत्या. बसून राहिलो. दोन दिवस अन्नाला शिवलो नाही, तुझी शपथ.

सरूबाई : माझी शपथ नका घेऊ! आण्णा सकाळी आठला गेले. चार वाजंपर्यंत मी उचलू दिलं नाय त्यांना. लोक म्हनले, पोरी, मे महिना हाय, देह थांबत नाय. मी म्हनलं थांबा, एकुलता जावई हाय, निघाले असतील. दर एसटीला फाट्यावर जाऊन उभी राहायची. सात गाड्या बघितल्या मी. सात!

बद्रीनाथ : चुकलो. पाय धरतो तुझे. हवं तर चपलेनं मार मला, पण नंतर. आत्ता हे घर वाचव. नोकरी गेली तर आपण खायचं काय?

सरूबाई : दार वाजतंय.

बद्रीनाथ : सरू, ऐक ना...

सरूबाई : उघडा की. घरात हाय ना तुमी?

(बद्रीनाथ दार उघडतो. चौकशी अधिकारी त्याला ओट्यावर बसायला सांगून आत येतात. दार अर्धवट लोटलेलं.)

साहेब : घाबरू नका, ताई. दोनच प्रश्न विचारायचेत. गेल्या मे महिन्यात तुम्ही दोघं केरळ आणि कन्याकुमारीला जाऊन आलात, अशी नोंद आहे. कसा झाला प्रवास?

सरूबाई : आधी पानी घ्या. उन्हातनं आले.

साहेब : नको, राहू दे. समुद्र पाहिलात का?

सरूबाई : नाय साहेब. मी फर्दापूरला होते. त्याच महिन्यात माझा बाप वारला, एकोणीस तारखेला.

साहेब : अरेरे. आणि तुमचे मिस्टर? तेही तिथेच होते?

सरूबाई : ते नव्हते. आम्ही दुपारी चारपर्यंत प्रेत ठेवलं त्यांच्यासाठी, तरी आले नाय. साहेब, सासरा मेला तर जवळ असलेला मानूस आल्याबिगर राहील का? केरळलाच असतील ते. तसंच लिहा.